भिंतीवरचा एक क्षण



यंदा आपल्या सायलेंट ऑक्शनच्या टेबलावर बेसबॉलच्या फ्रेम्सही आहेत. ‘आपण बुवा क्रिकेटवाले’ म्हणून पुढे सरकू नका. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना विचारा, ती थांबतील!

चांगली फ्रेम म्हणजे नुसता खेळाडूचा फोटो नव्हे. तिच्यात एक गोष्ट हवी. उदाहरणार्थ, १७ ऑक्टोबर २००४, बॉस्टनचं फेनवे पार्क. यांकीजविरुद्धच्या मालिकेत रेड सॉक्स ०-३ असे मागे, आणि चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला ३-४. आज हरले की घरी! केविन मिलारच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो सेकंड बेस ‘चोरणार’ हे अख्ख्या स्टेडियमला माहीत होतं. तरी तो पळाला आणि थोडक्यात वाचला. बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली, बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझने सामना जिंकून दिला. त्यानंतर एकही सामना न हरता रेड सॉक्सने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणून त्या धुळीतल्या उडीचा फोटो घराघरांत लागला.

दुसरी गोष्ट हरणाऱ्याची. ३ ऑक्टोबर १९५१ ला न्यूयॉर्कमध्ये जायंट्सच्या बॉबी थॉमसनने डॉजर्सच्या राल्फ ब्रँकाला होमरन मारून पेनंट खेचून घेतलं. पुढे दोघे मित्र झाले आणि त्या क्षणाच्या फोटोंवर दोघांनीही सह्या केल्या. आपल्या सर्वांत कडू दिवसाच्या फोटोवर सही करायला मन मोठं लागतं. अशी फ्रेम मुलांच्या खोलीत असली तर वेगळं लेक्चर द्यायला नको.

आता व्यवहाराचं बोलू. सहीच्या वस्तूंत फसवणूक फार. १९९० च्या दशकात एफबीआयने खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या होत्या. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची पडताळणी सुरू केली: वस्तूवर नंबर असलेला होलोग्राम असतो, तो नंबर त्यांच्याकडे तपासता येतो. जुन्या सह्यांना तो नसतो. तिथे जाणकार संस्थेचं प्रमाणपत्र मागा. सही नसलेला चांगला प्रिंटही सुंदर दिसतो, फक्त त्याला सहीचा भाव देऊ नका.

घरी नेल्यावर खिडकीसमोर लावू नका, उन्हाने शाई उडते. यूव्ही काच आणि अ‍ॅसिड-फ्री मॅट घ्या. फोटो काचेला चिकटता कामा नये, नाहीतर दमटपणाने कायमचा बसतो. म्हणजे ओलसर बेसमेंटही नको.

आणि हो, टॅक्सचं! अमेरिकेत अशा चॅरिटी लिलावात बोलीची सगळी रक्कम देणगी धरत नाहीत. बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कमच देणगी. २५० डॉलर्सच्या फ्रेमला ४०० दिले, तर देणगी १५० डॉलर्स. म्हणून बोलीच्या कागदावरचा बाजारभाव आधी बघा आणि पावती जपून ठेवा.

तेव्हा मंडळी, जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी टेबलापाशी एक चक्कर मारा. भिंतीला गोष्ट मिळेल, आणि जास्तीचा प्रत्येक डॉलर गरजवंतापर्यंत जाईल. मग लावताय ना बोली?