सर्टिफिकेट मिळाले, पण काम येते का?

सुट्टी लागली की मोहल्ल्यात शिवणवर्ग, कॉम्प्युटर वर्ग, स्पोकन इंग्लिशचे वर्ग सुरू होतात. नियत चांगली असते, शिकवणारेही मेहनती असतात. तरी कधी कधी असे होते की तीन महिन्यांनी मुलीच्या हातात सर्टिफिकेट येते, पण शेजारीण तिच्याकडे कापड द्यायला कचरते. कारण कोर्स 'काय शिकवायचे' इथून आखलेला असतो. 'शिकून काय करता आले पाहिजे' हे आधी ठरलेलेच नसते.

यावर एक आजमावलेली पद्धत आहे. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी ती तयार केली. पुढे ती 'ॲडी' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या पाच पायऱ्या आपण शिवणवर्गावरच लावून पाहू.

पहिली पायरी, गरज तपासणे. शिकायला कोण येणार? माप घेता येते का, मशीन चालवलेली आहे का, घरी मशीन आहे का? वस्तीत जास्त काय शिवून घेतात? हे विचारल्याशिवाय वर्गाची तारीख ठरवू नये.

दुसरी पायरी, आराखडा. इथे उद्दिष्ट लिहायचे. 'शिवणकामाची माहिती होईल' हे उद्दिष्ट नव्हे, कारण माहिती झाली की नाही हे मोजणार कसे? असे लिहा: 'दिलेल्या मापाचा साधा कुर्ता कुणाच्या मदतीशिवाय कापून शिवेल आणि तो अंगाला नीट बसेल.' काय करायचे, कोणत्या परिस्थितीत आणि किती चांगले, या तीन गोष्टी उद्दिष्टात हव्यात, असे रॉबर्ट मेगर यांनी १९६२ च्या पुस्तकात मांडले आहे. परीक्षाही इथेच ठरवायची: कापड द्यायचे, कुर्ता मागायचा.

तिसरी पायरी, साहित्य. कागदी नमुने, सरावाचे जुने कापड, मापांचा तक्ता. आधी दोघी-तिघींवर वापरून बघा. कुठे अडतात ते लगेच कळते.

चौथी पायरी, प्रत्यक्ष शिकवणे. दाखवणे थोडे, करून घेणे जास्त. पंधरा मुलींत एकच मशीन असेल तर कितीही चांगली बाई असली तरी हात बसणार नाही.

पाचवी पायरी, मूल्यमापन. शेवटच्या दिवशी 'वर्ग आवडला का' एवढे विचारून भागत नाही. दोन-तीन महिन्यांनी घरी जाऊन विचारा: कुणी शिवायला दिले का, कुठे बिघडले? मिळालेली उत्तरे पुढच्या वर्गाच्या पहिल्या पायरीला कामी येतात.

वालिदैननाही आमचे सांगणे आहे. फी भरण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारा: कोर्स संपल्यावर माझ्या मुलीला नेमके काय करता येईल? ते तुम्ही कसे तपासणार? सरावाला रोज किती वेळ मिळेल? याची सरळ उत्तरे मिळाली तर खुशाल नाव घाला. गरीब घरातून फीचे पैसे मोठ्या मुश्किलीने निघतात. त्या पैशांतून कागद नव्हे, हुनर घरी यायला हवा.