गरोदरपणातली रक्ताची आगोट

करंजाड्याच्या एका वाचक भगिनींनी रक्ततपासणीचा रिपोर्ट पाठवला आहे. आठवा महिना, तब्येत ठणठणीत; पण फायब्रिनोजेन आणि डी-डायमर या दोन्हींपुढे लाल खूण. 'माझं रक्त घट्ट झालंय का?' असं त्या विचारतात.

नाही. उलट गरोदरपणात रक्तातला पातळ भाग वाढतो, म्हणून तर हिमोग्लोबिन खाली आलेलं दिसतं. वाढते ती गोठण्याची तयारी. पनवेल-उरणकडे पावसाळ्याआधी घरोघर आगोट भरतात : सुकी मासळी, तांदूळ, लाकूडफाटा. पाऊस पडायला लागल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. शरीरही नऊ महिने तेच करत असतं. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला 500 ते 700 मिलिलिटर रक्त जातं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. गर्भाशयाचे स्नायू आवळून त्या दाबतात, मागोमाग गुठळी त्यांना बूच लावते. गुठळीचा कच्चा माल असलेलं, एरवी 200 ते 400 असणारं फायब्रिनोजेन शेवटच्या महिन्यांत 600 पर्यंत जातं ते यासाठीच. गोठण्याला लगाम घालणारं प्रोटीन एस मात्र घटतं. आणि वारेची हुशारी बघा : झालेली गुठळी लवकर विरघळू नये म्हणून ती स्वतःच एक प्रथिन तयार करते!

हेच काम वेगळ्या वाटेने करणारं औषध उताको ओकामोतो या जपानी संशोधिकेने पती शोसुके यांच्यासह शोधलं. ट्रानेक्झॅमिक ॲसिड, साल 1962. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरू नयेत हीच त्यांची तळमळ होती, पण तिथल्या प्रसूतितज्ज्ञांना चाचणीसाठी राजी करणं काही त्यांना जमलं नाही. 21 देशांतल्या 20 हजार स्त्रियांवरची मोठी चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. औषध बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे तिने दाखवलं. उताकोबाई आदल्याच वर्षी, 98 व्या वर्षी गेल्या होत्या. स्वस्तातलं औषध, आणि पंचावन्न वर्षं!

आता ती लाल खूण. डी-डायमर म्हणजे विरघळलेल्या गुठळीचे तुकडे. रिपोर्टवर छापलेली 500 ची मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते; शेवटच्या तिमाहीत बहुतेक निरोगी बायका ती ओलांडतात. लक्षण काही नसताना 'पॅकेज'मध्ये ही तपासणी कोंबणं म्हणजे पैसे देऊन घोर विकत घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र या तयारीची किंमत असते. गरोदरपणात पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका चार-पाच पट वाढतो आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. म्हणजे नेमका आपला सव्वा महिना, ज्यात बाळंतिणीला बाजेवरून उतरू देत नाहीत, पाणीही बेतानेच देतात. तिला घरात हिंडू-फिरू द्या, तहानेइतकं पाणी द्या. एकच पाय, बहुधा डावा, सुजून दुखू लागला किंवा अचानक धाप लागली, तर शेक-मालिश करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांनी गुठळी रोखणारी हेपारिनची इंजेक्शनं दिली असतील, तर ती मनाने बंद करू नका.