‘सुतार’ शब्दाचे लेखन व अर्थ

तिफण, वखर व बैलगाडी घडविणाऱ्या कारागिरास बुलढाणा जिल्ह्यात सुतार म्हणतात. संस्कृत ‘सूत्रधार’, प्राकृत ‘सुत्तहार’ व मराठी ‘सुतार’ असा या शब्दाचा प्रवास आहे. सूत्र म्हणजे लाकडावर रेघ आखावयाची दोरी. ती धारण करणारा तो सूत्रधार. जर्मन भाषेत घरातील सामान करणाऱ्या सुतारास ‘टिशलर’ म्हणतात. ‘टिश’ म्हणजे मेज. तेथे नाव वस्तूवरून पडले, येथे साधनावरून.

‘सूत’ पाहून मुले ‘सूतार’ लिहितात. ‘सूत’मध्ये ‘सू’ उपान्त्य, म्हणून दीर्घ; ‘सुतार’मध्ये उपान्त्य ‘ता’, म्हणून आधीचा ‘सु’ ऱ्हस्व. दूध–दुधाळ तसेच. शिक्षकांनी चुकीवर केवळ लाल खूण न करता हे कारण सांगावे. ज्याच्या घरी हा धंदा चालतो, त्या मुलास आपल्या वडिलांच्या धंद्याचे नाव शुद्ध व अभिमानाने लिहिता आले पाहिजे.