जुन्या पिकअपचे मागील डिफरन्शियल बदलताना

शेतमाल वाहणारे पिकअप दहा-पंधरा वर्षांचे झाले की मालकाचे सारे लक्ष इंजिनाकडे असते. मागील अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेल्या गोल हौसिंगकडे मात्र गाडी बंद पडेपर्यंत कोणी पाहत नाही. कोलारचा टोमॅटो असो, लासलगावचा कांदा असो वा हिमाचलचे सफरचंद, ऐन हंगामात हा भाग तुटला की माल जागीच अडकतो. मग मिळेल तो जुना भाग बसवून गाडी रस्त्यावर आणली जाते. अशी घाईची दुरुस्ती बहुधा फार काळ टिकत नाही.

ट्रॅक्टर चालविणाऱ्यास डिफरन्शियल नवे नाही. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. दोन्ही चाकांना शक्ती देऊनही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे त्याचे काम. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक असते, बहुतेक जुन्या पिकअपना नसते. त्यामुळे चिखलात एक चाक रुतून दुसरे गरगर फिरू लागले की आतील लहान स्टार गियर त्यांच्यासाठी न योजलेल्या वेगाने फिरतात, त्यांच्या पिनवरील तेलाचा थर तुटतो आणि पिन व वॉशर झिजतात. त्याच वेळी चाकाने एकाएकी पकड घेतली तर बसणारा झटका दात मोडण्यास पुरेसा असतो. रुतलेली भरली गाडी रेस करून काढण्यापेक्षा माल उतरवून काढणे स्वस्त पडते, ते यामुळेच.

बिघाड नेमका कोठे आहे?

हौसिंग उघडण्यापूर्वी आवाज नीट ऐकावा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारा आणि सोडल्यावर बदलणारा गुणगुणाट क्राऊन-पिनियनचा किंवा पिनियनच्या बेरिंगचा असतो. अ‍ॅक्सिलरेटरने न बदलता गाडी डावी-उजवीकडे झुकविल्यावर बदलणारा आवाज बहुधा चाकाच्या बेरिंगचा असतो. गियर टाकताच येणारा ‘खट्’ आवाज ऐकून लगेच डिफरन्शियलला दोष देऊ नये. प्रोपेलर शाफ्टचा झिजलेला जॉइंट क्रॉसही तसाच वाजतो आणि तो बदलणे तुलनेने किरकोळ काम आहे.

त्यानंतर तेल काढून पाहावे. चुंबकीय प्लगवर काळसर मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर गाडी पुढे चालवू नये. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे. ओढ्यातून जाताना तापलेले हौसिंग एकदम थंड होते, आतील हवा आकसते आणि वरचा ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. ब्रीदर साफ करणे हे दोन मिनिटांचे काम. पण पुष्कळ गाड्यांत तो कोठे आहे हेच मालकाला ठाऊक नसते.

बदली भाग निवडताना

सर्वाधिक चुका येथे होतात. क्राऊन आणि पिनियन हे कारखान्यात जोडीने घासून जुळविलेले असतात; दोहोंपैकी एकच बदलणे म्हणजे नव्या दाताला जुन्या झिजेशी झुंजविणे होय. जोडी नेहमी एकत्र बदलावी आणि तिच्यासोबत बेरिंग व सीलही नवे घालावे. गावपातळीवर शिम लावून बारीक मापे साधणारा कारागीर नसेल, तर त्याच गुणोत्तराचे पूर्ण जुळवलेले असेंब्ली बसविणे अधिक सुरक्षित, असे आमचे मत आहे.

गुणोत्तर म्हणजे क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारा आकडा: ४१ भागिले ९ असेल तर ४.५६. बाहेरून सारखे दिसणारे दोन डिफरन्शियल गुणोत्तरात भिन्न असू शकतात. चुकीचे बसले तर एकतर चढावर भरली गाडी ओढत नाही, नाहीतर सपाट रस्त्यावर इंजिन उगाच जास्त फिरते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत तर पुढील व मागील गुणोत्तर जुळले नाही तर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसवर घातक ताण येतो.

भंगार बाजारात पूर्ण अ‍ॅक्सल घेताना न उघडताही गुणोत्तर मोजता येते. एक चाक घट्ट धरून दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात पिनियनच्या फ्लँजचे जितके फेरे होतील तेच गुणोत्तर. फ्लँजवर आधी खडूची खूण करावी.

उतरविणे आणि बसविणे

हँडब्रेक सामान्यतः मागील चाकांवरच असतो, म्हणून मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. प्रोपेलर शाफ्ट सोडला की गियरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय आणि चेसिसखाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. केवळ जॅकच्या भरवशावर तर कधीच नाही.

प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर एकमेकांसमोर खूण करावी, म्हणजे तो पूर्वीच्याच स्थितीत बसेल. त्यानंतर अ‍ॅक्सल शाफ्ट ओढले जातात. काही गाड्यांत हबवरील बोल्ट काढताच शाफ्ट बाहेर येतो. जेथे शाफ्टच चाकाचा भार पेलतो तेथे चाक व ड्रमही काढावे लागतात. डिफरन्शियलचा गोळा काही रचनांत हौसिंगच्या पुढून, तर काहींत मागील झाकण उघडून निघतो. तो जड असतो. खाली जॅक लावून दोघांनी उतरवावा.

यानंतरचे एक काम हमखास टाळले जाते: अ‍ॅक्सलच्या दोन्ही नळ्या डिझेलने धुऊन कापडाने पुसून काढणे. तुटलेल्या दातांचा चुरा नळीत राहिला तर तो तेलाबरोबर नव्या बेरिंगमध्ये जातो.

नवी क्राऊन-पिनियन जोडी घातली असेल तर दातांमधील मोकळीक डायल गेजने मोजावी. हलक्या वाहनांत ती साधारण ०.१३ ते ०.२० मिमी असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. दातांना रंग लावून फिरविल्यावर उमटणारा ठसा दाताच्या मधोमध हवा. तो मुळाशी उमटला तर पिनियन क्राऊनच्या फार जवळ आहे, टोकाशी उमटला तर फार दूर. डोंगराळ भागात उतारावर इंजिन गाडीला रोखून धरते तेव्हा भार दाताच्या उलट बाजूवर येतो, त्यामुळे तेथे दोन्ही बाजूंचे ठसे तपासावेत.

तेलाबाबत तडजोड नको. या रचनेत दात एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून तीव्र दाब सोसणारे जीएल-५ दर्जाचे गियर ऑइल, पुस्तिकेत दिलेल्या घट्टपणाचे, घालावे. इंजिनातून काढलेले काळे तेल येथे ओतण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तिने दात लवकर खराब होतात. गाडी सपाट जागेवर ठेवून भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल यावे.

नवी जोडी बसविल्यावर पहिले वीस-पंचवीस किलोमीटर रिकामी गाडी मध्यम वेगाने चालवून थंड होऊ द्यावी आणि सीलजवळ गळती पाहावी. पहिल्या आठशे किलोमीटरपर्यंत पूर्ण भार टाळावा, त्यानंतर तेल बदलावे. मागील दोन्ही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे ठेवावेत. ते भिन्न असतील तर स्टार गियर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. शेतकरी गटाच्या सामायिक गाडीवर चालक बदलत असतात, तेव्हा तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर दरवाजाच्या आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावेत.