यात्रेच्या गाडीसाठी जनरेटर घेताना

परवा ओळखीचे एक शेतकरी दवाखान्यात आले. त्यांनी पिकअप गाडीवर पत्र्याची खोली बांधून घेतली आहे. येरमाळा, तुळजापूर, पंढरपूर अशी देवदर्शने सारे कुटुंब तीतूनच करते. "डॉक्टरसाहेब, गाडीसाठी लहान जनरेटर घ्यायचाय. आईला रात्री-अपरात्री नेब्युलायझर लागतो. कोणता घेऊ?" प्रश्न दुकानदाराला विचारण्याजोगा वाटेल, पण तो डॉक्टरलाही विचारावा असाच आहे.

काही वर्षांपूर्वी नवरात्रात एका पहाटे चौघेजण माझ्याकडे आले. सर्वांचे डोके दुखत होते, मळमळत होते, लहान मुलाला उलट्या होत होत्या. बाहेरचे खाणे बाधले असेल असे समजून मी उलटीचे इंजेक्शन भरायला घेतले. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "भाईर आल्यापासनं डोस्कं हलकं वाटतंय, डागदर." मी चमकलो. चौकशी केली तेव्हा कळले, की पाऊस आला म्हणून चालू जनरेटर त्यांनी गाडीच्या ताडपत्रीखाली ओढून घेतला होता. अन्नातून नव्हे, धुरातून विषबाधा झाली होती. लगेच ऑक्सिजन लावून मोठ्या रुग्णालयात पाठवले. सर्वजण वाचले. आजी बोलल्या नसत्या तर मी त्यांना त्याच ताडपत्रीखाली परत झोपायला पाठवले असते.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस न जागताच दगावू शकतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही अशा वेळी आकडा चांगला दाखवून फसवते. गर्भवती, लहान मुले आणि हृदयरोगी यांना धोका अधिक.

आता निवडीकडे वळू. आधी बेरीज करा. ९ वॅटचे तीन एलईडी दिवे २७, दोन लहान पंखे १००, मोबाइल ४० आणि नेब्युलायझर सुमारे १५० वॅट. एकूण सव्वातीनशेच्या आत. मोटार असलेले यंत्र सुरू होताना दोन-तीनपट वीज ओढते, म्हणून १००० वॅटचा जनरेटर पुरे. पाटीवर केव्हीए लिहिले असेल, तर १ केव्हीए म्हणजे साधारण ८०० वॅट धरावे. इस्त्री, शेगडी त्यावर लावू नये. परवडत असेल तर इन्व्हर्टर पद्धतीचा घ्या. आवाज कमी, पेट्रोल कमी आणि औषधोपचाराच्या यंत्रांना मानवणारी स्थिर वीज मिळते. मोठा घेतला की वजन, आवाज आणि धूर तेवढा वाढतो.

मात्र माझा खरा सल्ला वेगळाच आहे. रात्री जनरेटर लावूच नये. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी घरून भरून न्या. तिची निम्मी वीज वापरली तरी सुमारे ६०० वॅट-तास मिळतात. दिवे आणि एक लहान पंखा मिळून ७७ वॅट धरले, तर सहा तासांना ४६२ लागतात. उरलेल्यात लहान इन्व्हर्टरवर आजींचा नेब्युलायझर दहा-पंधरा मिनिटे सहज चालेल.

जनरेटर लावलाच तर गाडीपासून किमान वीस फूट दूर, उघड्यावर ठेवा. धुराचे तोंड माणसांकडे नको, वाराही आपल्याकडे येणारा नको. शेजारच्या गाडीत झोपलेल्यांचाही विचार करा. पाऊस आला तर जनरेटर बंद करा, आत घेऊ नका. इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल ओतू नका.

एकाच वेळी घरातल्या अनेकांचे डोके दुखू लागले, तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना जनरेटरचे आवर्जून सांगा. आम्ही विचारायचे विसरलो, तरी तुम्ही सांगायला विसरू नका.