जुन्या मोटारीची मागची चाके आणि डिस्क ब्रेक

जुनी मोटार हौसेने बाळगणाऱ्याच्या मनात कधी ना कधी एक विचार येतोच. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून झाले, मग मागचे ड्रम तरी का ठेवावेत? फोर्डची मस्टँग १९६४ च्या एप्रिलात अमेरिकेत बाजारात आली. १९६५ च्या मॉडेलला पुढच्या चाकांचे डिस्क जादा पैसे देऊन मिळत. मागे मात्र ड्रमच असत. आज त्या गाड्यांसाठी मागच्या डिस्कचा सगळा संच तयार मिळतो आणि सुट्टीच्या दोन दिवसांत तो बसतोही. तक्रारी सुरू होतात त्या नंतर. पेडल खोल जाते. पाय दाबूनही गाडी पुढे सरकत राहते. किंवा मागचे चाक हात लावू नये इतके तापते. या तक्रारींचा उलगडा आम्ही १९६६ च्या मस्टँगवरून करणार आहोत. पद्मिनी किंवा अँबॅसडर चालवलेल्यांना मागचे ड्रम परिचितच आहेत, आणि तत्त्व तेच आहे.

ड्रममध्ये शू आतून बाहेरच्या बाजूस दाबले जातात. फिरणारा ड्रम त्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि अधिकच घट्ट बसवतो. म्हणजे चालकाच्या पायाला चाकच हातभार लावते. डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडची चिमटी बसते; तिथे असा हातभार नाही, सगळे काम तेलाच्या दाबानेच व्हायचे असते. तेव्हा जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवून मागे डिस्क बसवले, तर गाडी सुस्त थांबते यात नवल नाही. शिवाय १९६६ पर्यंतच्या मस्टँगला एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर असे. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा सिलिंडर १९६७ च्या मॉडेलपासून आला. इतका खर्च करायचाच, तर पहिला पैसा या सिलिंडरावर घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण कोणत्या मापाचा? पायाचा जोर ३० किलो आणि पेडलच्या तरफेने तो सहापट झाला असे समजू. म्हणजे १८० किलो. एक इंच व्यासाच्या सिलिंडराचे क्षेत्रफळ सुमारे ५.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणून दाब साधारण साडेपस्तीस किलो. पाऊण इंचाहून किंचित मोठा, म्हणजे सात अष्टमांश इंचाचा सिलिंडर घेतला, तर तोच दाब सेहेचाळीसच्या घरात जातो. मात्र तेवढेच तेल ढकलायला पेडलला सुमारे तीस टक्के अधिक खाली जावे लागते. दाब वाढवायचा तर पेडलची चाल द्यावी लागते. दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत.

पेडल खोल जाते त्याचे कारण मात्र पुष्कळदा याहून साधे असते. हवा काढायचे निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवे. डावा कॅलिपर उजवीकडे लागला की ते खाली येते, आणि वर अडकलेला हवेचा बुडबुडा कितीही तेल काढले तरी निघत नाही. दुसरे कारण हँडब्रेकचे. ज्या कॅलिपरात हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनमध्येच असते, तिथे पिस्टन आतल्या स्क्रूने पुढे सरकत असतो. केबल जोडण्यापूर्वी कॅलिपरचा दांडा पुन्हा पुन्हा हलवून पॅड डिस्कच्या जवळ आणले नाहीत, तर ते अंतर दर वेळी पायालाच भरून काढावे लागते.

आता तापणाऱ्या चाकाकडे वळू. जुन्या ड्रमच्या मास्टर सिलिंडरात बहुधा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो नळीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाऊण किलो दाब राखून ठेवतो, म्हणजे चाकाच्या सिलिंडरातील रबर कपाच्या कडेने हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये शू मागे ओढायला दणकट स्प्रिंगा असतात, त्यांना हा दाब जुमानत नाही. डिस्कच्या पिस्टनला मागे घेणारे काही असेल तर ते फक्त रबरी सीलचे किंचित पिळणे. तेवढ्या दाबानेही पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि घासत घासत तापतात.

पण व्हॉल्व्हवर आरोप ठेवण्यापूर्वी शोध क्रमाने घ्यावा. एकच चाक तापते की दोन्ही, हे प्रथम पाहावे. एकच असेल तर दोष बहुधा त्या चाकापाशीच. मग पुढची चाके अडवून, मागचा भाग जॅकवर घेऊन नीट आधार द्यावा आणि हँडब्रेकची केबल ढिली करावी. चाक सुटले, तर केबलच ताणलेली होती. न सुटल्यास मास्टर सिलिंडरचे बोल्ट सैल करून तो किंचित पुढे घ्यावा. आता सुटले, तर पेडलचा दांडा पिस्टनला पुरते मागे येऊ देत नव्हता. तिथे थोडी मोकळी जागा हवी. तरीही अडलेलेच असेल, तर सिलिंडराशी असलेला मागच्या पाइपाचा जोड, खाली फडके धरून, सैल करावा. तेल रंगावर सांडले तर रंग जातो. इथे सुटले, तर गुन्हेगार तो व्हॉल्व्ह. त्यानेही न सुटता कॅलिपरचे निपल उघडल्यावर सुटले, तर वाटेत कुठे तरी अडथळा आहे. आतून फुगलेला जुना रबरी होज हा त्यातला नेहमीचा. आणि निपल उघडूनही चाक हलत नसेल, तर कॅलिपरच गंजून धरला आहे. प्रत्येक पायरीला काय झाले ते कागदावर लिहून ठेवावे, आणि शेवटी हवा पुन्हा काढावी.

एक धोका मात्र घरच्या अंगणात दिसत नाही. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. ती आधी जखडली तर गाडी फिरते, आणि पुढे काय होईल ते चालकाच्या हाती राहत नाही. यासाठीच मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्क-ड्रम जोडीसाठी बसवलेला जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवून त्यामागे फिरवून जुळवण्याचा नवा लावला, तर दाब दोनदा कापला जातो; जुना काढूनच नवा बसवावा. जुळवणीची सुरुवात मागच्या कमीत कमी दाबापासून करावी, मोकळ्या मैदानावर, हळू वेगात. ओल्या जमिनीवर ही जुळवणी करू नये. ओल्यात भार कमी झुकतो, म्हणून तिथे बरोबर वाटलेली मात्रा कोरड्या रस्त्यावर मागची चाके आधी जखडू शकते. कोरड्यावर पुढची चाके आधी जखडतील इतकाच दाब मागे द्यावा. मग गाडी चढावर उभी करून, चाकांमागे ठोकळे ठेवून, एकट्या हँडब्रेकवर ती थांबते का ते पाहावे.