जीपमागचा बिछाना

ट्रॅक्टरची ट्रॉली बांधणाऱ्याला कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे काय हे फार समजावून सांगावं लागत नाही. दोन चाकं, एक आख, लोखंडी सांगाडा आणि पुढे हुकात अडकवायची दांडी. फरक एवढाच, की वर वाळू-विटांचा हौदा नसतो, दोन माणसांना झोपता येईल अशी पेटी असते. मागचं झाकण वर उचललं की त्याखाली शेगडी, पाण्याची टाकी, भांड्यांचे कप्पे. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात गेट, ग्रिल, पत्र्याची शेड आणि ट्रॉलीची डागडुजी करणारी वेल्डिंगची दुकानं आहेत. गिऱ्हाईकही दारावरूनच जातं. पावसाळ्यात माळशेजला आणि थंडीत नाणेघाट, गोरखगड, माहुलीकडे मुंबई-ठाण्याच्या जीपगाड्यांची रीघ लागते. मग हा ट्रेलर इथे बांधून विकायला हरकत काय? हरकत काहीच नाही, पण ट्रॉली बांधण्याची सवय या कामात अर्धी उपयोगी पडते आणि अर्धी घात करते.

या यंत्राचा वंश जीपइतकाच जुना, किंबहुना तिच्याशी जोडलेला. १९४० साली अमेरिकन सैन्यासाठी पहिली जीप पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम या छोट्या कंपनीने घडवली, पण मोठी कंत्राटं विलिस आणि फोर्डने नेली. बॅन्टमच्या वाट्याला आला जीपमागे ओढायचा पाव टनी ट्रेलर. तो इतका घट्ट बांधलेला होता, की नदीत सोडला तर तरंगायचा. त्याच सुमारास अमेरिकेत हौशी लोक घरच्या गॅरेजात प्लायवूडचे थेंबाच्या आकाराचे झोपायचे ट्रेलर बनवत होते. १९४७ मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकाने अशा ट्रेलरचा आराखडाच छापला. युद्धातून उरलेल्या जीपची चाकं आणि अॅल्युमिनियम तेव्हा स्वस्तात मिळत होतं. इकडे मुंबईत महिंद्राने विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली तीही १९४७ सालीच. त्या वंशातली थार आज नाशिकच्या कारखान्यात तयार होते आणि शहापूर, आसनगावावरून जाणाऱ्या महामार्गाने मुंबईकडे उतरते.

आता कामाचं. ट्रॉलीवाल्याचा हात जाड लोखंडाकडे जातो. शंका आली की आणखी एक पट्टी, आणखी एक अँगल. ट्रॉलीत ते शहाणपणाचं, कारण तिच्यावर कोण किती माल लादेल याचा नेम नाही. कॅम्पिंग ट्रेलरचं वजन मात्र किलो-किलोने मोजावं लागतं. १०० बाय ५० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी पाइप मीटरला सुमारे पावणेसात किलो भरते, म्हणजे तीन मीटर लांबीचा साधा सांगाडा दांडीसकट शंभर किलोच्या वर जातो. आठ बाय चार फुटांचं १२ मिलिमीटर प्लाय तेवीस किलोच्या आसपास. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, त्यात घासाघीस नाही. भारतीय वर्गवारीत ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर सर्वांत हलक्या गटात बसतो. आख, चाकं, बॅटरी, गादी, गॅस आणि गिऱ्हाइकाचं सामान धरून त्या आकड्याच्या आत राहणं, यात बनवणाऱ्याची खरी परीक्षा.

कमानींचं, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांचंही तसंच. ट्रॉलीचे पाटे टनांच्या हिशोबाने बनलेले. सहाशे किलोच्या पेटीखाली ते हलतच नाहीत. मग प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट पेटीत जातो, स्क्रू सैल होतात, प्लायचे सांधे उघडतात आणि शेगडीची नळी घासून झिजते. मऊ पाटे आणि सोबत शॉकअॅब्सॉर्बर, किंवा रबरावर पीळ घेणारा टॉर्शन आख, यांपैकी काहीतरी हवंच. चाकं जीपचीच, त्याच मापाची आणि तेवढ्याच रुंदीवर लावली की दोन फायदे: एकच स्टेपनी दोघांना चालते आणि कच्च्या वाटेवर ट्रेलर जीपच्याच चाकोरीतून येतो.

तोल कसा ठेवायचा, हे मात्र इथे कोणाला शिकवायची गरज नाही. जवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून बैलजोडी आणणाऱ्या शेतकऱ्याला गाडी मागे जड होऊन उलाळ झाली तर काय होतं हे ठाऊक असतं. भार नेहमी किंचित जुवाकडे ठेवायचा. ट्रेलरलाही तोच नियम. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर पडला पाहिजे, म्हणजे सहाशे किलोला साठ ते नव्वद किलो. मागे जड झालेला ट्रेलर गावातल्या रस्त्यावर गुमान चालतो, पण महामार्गावर वेग घेतला की शेपटासारखा डावी-उजवीकडे झोके घेतो आणि जीपलाही सोबत फिरवतो. म्हणून पाण्याची टाकी आखाच्या थोडी पुढे बसवतात आणि शेगडी मागे असली तरी सिलिंडर पुढे दांडीवर येतो. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असण्याची सक्ती नाही. माळशेज घाट उतरताना मात्र ही सूट न घेतलेली बरी. जीपने ब्रेक दाबला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात, अशी यांत्रिक जोडणी असते. मागे घेताना तिला कुलूप घालायला विसरलं, तर गाडी जागची हलत नाही.

मग पाऊस. कोकणाच्या घाटाकडच्या या पट्ट्यात चार महिने ओल असते. उघड्या लोखंडावर अॅल्युमिनियमचा पत्रा बसवला, की त्या ओलीत पत्रा कुरतडला जातो. मधे रबराची पट्टी हवी. प्लाय पाणी पितं ते कडांनी, त्यामुळे कडा इपॉक्सीने बंद कराव्या लागतात. दोन माणसांच्या श्वासाने रात्रीत छत घामेजतं, म्हणून एक झरोका खाली आणि एक वर. उन्हाळ्यात ओलीची जागा धूळ घेते. जीपने उडवलेला फुफाटा मागच्या पेटीच्या फटींतून आत ओढला जातो. ऑस्ट्रेलियातले कारागीर त्यावर छताच्या पुढच्या बाजूला हवा पकडणारी खिडकी बसवतात, म्हणजे आतला दाब वाढतो आणि धूळ बाहेर राहते. साधीशी युक्ती, पण कोणीतरी पोतंभर धूळ खाल्ल्याशिवाय सुचलेली नसणार.

इथवर झालं ते बांधणीचं. विकायचं म्हटलं की कागद पुढे येतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे मोटार वाहनच आहे, त्याला इंजिन नसलं तरी. त्याची नोंदणी होते, त्याला स्वतःचा नंबर आणि मागचे दिवे लागतात. विकणाऱ्याला विक्रीचा दाखला आणि वाहन रस्त्यावर चालण्यालायक असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि त्यावर सही करणारा हा वेल्डिंगवाला राहत नाही, उत्पादक होतो. ‘छान जोडलंय’ हे शब्द तिथे चालत नाहीत. आख किती भाराचा, हुक कुठल्या मापाचा, हे सांगावं लागतं. सुदैवाने वाहनं तपासणाऱ्या संस्थांना विचारायला फार लांब जायला नको. एआरएआय पुण्यात कोथरूडला, सीआयआरटी भोसरीला, आणि लष्करी वाहनं तपासणारी व्हीआरडीई अहिल्यानगरला. मुरबाडमधून माळशेज चढणारा रस्ता सरळ तिकडेच जातो.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅम्पर ट्रेलरचाही समावेश आहे आणि कॅराव्हॅन पार्कची, म्हणजे अशी वाहनं मुक्कामाला उभी करायच्या जागेची, कल्पनाही. पार्क हवेतच, कारण हा ट्रेलर वाटेल तिथे उभा करता येत नाही. तानसा आणि भीमाशंकर ही अभयारण्यं. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. धरणांच्या काठावरही तसंच. उरतात ती शेतकऱ्यांची खासगी रानं: थोडी सपाट जागा, विहिरीचं पाणी, एखादं शौचालय आणि रात्री पिठलं-भाकरी.

आणि एक अडचण कागदावर नसलेली. ठाण्या-कल्याणच्या सोसायटीत जीपलाच जागा नसते, तिथे वर्षातून पाच-सहा वेळा लागणारा ट्रेलर कोण उभा करू देईल? त्यामुळे मुरबाडला असे ट्रेलर बांधून विकणाऱ्याने सोबत एक मोठी शेडही घालावी, हे उत्तम. गिऱ्हाइकाने शुक्रवारी संध्याकाळी जीप घेऊन यावं, आपला ट्रेलर हुकात अडकवून माळशेजच्या वाटेवरच्या टोकावड्याच्या दिशेने निघावं आणि रविवारी परत आणून लावावा. कारागिराला महिन्याचं शेडभाडं मिळेल, वंगण आणि डागडुजीचं काम मिळेल. विकलेला माल तालुक्याबाहेर फारसा जाणारच नाही.